नसलेल्या भिंतीचं प्रात्यक्षिक

"मॅडम, भिंत माझ्या अंगावर येतीय. जरा तिकडं सरकवा," आण्णा इंगवले म्हणाले आणि खुर्चीसकट मागे सरकले.

त्या हॉलमध्ये भिंत नव्हती. एकवीस फुटांचा हॉल, वर मधोमध पंखा, अलीकडे आण्णांची खुर्ची, पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ विलासराव दिवाणावर बसलेले, आणि दोघांच्या मध्ये मोकळी फरशी. पण आण्णांच्या डोळ्यांवर आमच्या ऑफिसचा हेडसेट होता आणि त्यातून त्यांना पुढच्या दाराच्या कडेपासून थेट स्वयंपाकघरातून गेलेली, नऊ इंची, गिलावा केलेली, छताला भिडलेली भिंत दिसत होती.

"किती सरकवू?" मी विचारलं.

"चार बोटं."

"ती चार बोटं कुणाच्या वाटणीतनं जाणार, ते विचारा त्यांना," विलासराव माझ्याकडे बघून म्हणाले.

"सांगा त्याला, भिंतीला जागा लागतीच. भिंत काय हवेत बांधतात?"

मी तर ती हवेतच बांधली होती, पण हे बोलण्याची ती वेळ नव्हती. मी भिंत दोन बोटं सरकवली आणि आण्णांना चार सरकवली म्हणून सांगितलं. विलासरावांना दोन बोटं वर करून दाखवली. दोघांचंही समाधान झालं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, कराडला जंगम सरांच्या बांधकाम ऑफिसात नुकतीच लागले होते, आणि तो हेडसेट घ्यायला लावण्याचं शहाणपण माझं होतं. सर म्हणाले होते, "केतकी, तीन महिने बघतो. या डबड्यामुळं एक तरी काम मिळालं तर ठीक. नाहीतर हे परत जाईल आणि तू साइटवर खडीच्या ट्रकमागं." ते तीन महिने त्या शनिवारी संपत होते.

तोवर दोन गिऱ्हाइकं करून झाली होती. पहिल्या गृहस्थांना मी त्यांच्या गच्चीवर अजून न बांधलेला मजला दाखवला. नव्या बेडरूमच्या खिडकीत उभं राहून त्यांनी बाहेर पाहिलं, तर समोर सख्ख्या मेव्हण्याची गॅलरी. मजला रद्द. दुसऱ्या बाईंना नवं स्वयंपाकघर दाखवलं. ओट्याशी उभं राहून त्यांनी मान वळवली आणि सासूबाईंची खाट दिवसभर बरोबर नजरेसमोर राहणार हे त्यांच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरही रद्द. बांधण्याआधी दाखवलं की माणसं बांधायचंच थांबतात, हा उपयोग हेडसेटच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेला नव्हता.

म्हणून इंगवल्यांची भिंत मला देवासारखी वाटली. सरळ रेषेतली एक भिंत. तिच्यात नापसंत करण्यासारखं असून असून काय असणार? आज होकार मिळाला की सोमवारी अंगणात विटा पडणार होत्या.

वाटणी कशावरून, ते विलासरावांच्या बायकोनं, उज्ज्वलाकाकींनी, मला दारातच सांगून टाकलं. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या प्रणोतीचं लग्न झालं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव घरातल्या थोरल्याचं, म्हणजे आण्णांचं, यायला हवं होतं. ते पडलं तिसऱ्या ओळीत, विलासरावांच्या साडूच्या खाली. पत्रिका गावभर वाटून झाल्यावर हे ध्यानात आलं. आण्णा लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, आणि पंगतीच्या वेळी "माझा उपास हाय" म्हणून बाजूला बसून राहिले. लग्न बुधवारचं होतं आणि बुधवारचा उपास त्या घरात कुणी कधी केला नव्हता. त्या दिवसापासून भाऊ भावाशी एक शब्द बोलला नाही, आणि दिवाळीनंतर आण्णांनी मधे भिंत घालायची म्हणून जाहीर केलं.

विलासराव त्यावर "घाला म्हणावं" एवढंच म्हणाले होते.

तर भिंत उभी करण्याआधी मी माझं पाठ केलेलं भाषण केलं होतं. "याला मिक्स्ड रिॲलिटी म्हणतात. म्हणजे आपलं खरं घर दिसतंच, आणि त्यात नसलेली वस्तू असल्यासारखी ठेवता येते. तिच्याभोवती फिरता येतं, वाकून बघता येतं."

"आपलं घर बघायला चष्मा कशाला? ते तसंबी दिसतंयच की," आण्णांच्या बायको शालनकाकी म्हणाल्या.

मी मुद्दा सोडला नाही. शिकाऊ डॉक्टर याच्यावर ऑपरेशनचा सराव करतात, कारखान्यातल्या फिटरला पुढचा कुठला बोल्ट खोलायचा ते मशीनवरच दिसतं, सोफा घरात मावेल की नाही ते विकत घेण्याआधी कळतं, असं सगळं सांगितलं. विलासरावांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. ते पहिल्यांदाच पुढे सरसावले.

"म्हणजे बोअरची मोटार न खोलता आतलं दिसंल?"

"आतले भाग कसे बसवलेत ते दिसेल. नक्की काय बिघडलंय ते नाही दिसणार."

"मग काय उपयोग. बिघडलंय काय तेच कळत न्हाई, तिथंच तर सगळं अडतंय," ते म्हणाले आणि पुन्हा मागे टेकले.

शेवटी मी टॅबलेट मांडीवर उभा धरला. "आण्णा चष्म्यातून जे बघतील तेच इथे दिसेल. जसंच्या तसं."

"म्हंजे मी कुठं बघतोय ते तुमाला सगळं कळणार," आण्णा म्हणाले.

"हो."

"बरं," म्हणून त्यांनी हेडसेट चढवला होता.

चार बोटांचा तंटा मिटल्यावर मी एकेकाला हेडसेट दिला. चौघांनी भिंत बघितली. उज्ज्वलाकाकींनी तिला हात लावायचा प्रयत्न केला आणि हात आरपार गेल्यावर बोटं पदराला पुसली. विलासरावांनी तिच्यापुढे उभं राहून वर छताकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हेडसेट मला परत दिला. आण्णांनी तो लगेच मागून घेतला. त्यांना अजून तपासणी करायची होती.

आणि मग जे सुरू झालं ते मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. डोळ्यांवर काही नसतानाही ती माणसं भिंत पाळायला लागली. भिंत दिवाणाकडून मोजत पाचव्या फरशीवर आहे, हे सगळ्यांना एकदा कळलं होतं. त्या फरशीवर कुणी पाय देईना. उज्ज्वलाकाकींनी चहा केला. आण्णा तीन पावलांवर बसले होते. पण काकी कप घेऊन मागच्या दारानं बाहेर पडल्या, मोरीच्या कडेनं, पेरूच्या झाडाखालून, घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आल्या.

"गार झालाय," आण्णा म्हणाले.

"लांबनं आलाय," काकी म्हणाल्या.

मला आतून उकळ्या फुटत होत्या. भिंत इतकी पटलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शालनकाकींनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे भिंत ओट्याच्या मधून गेली होती. बेसिन थोरल्यांकडे, गॅस धाकट्यांकडे. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "भिंतीत एवढीशी खिडकी ठेवता ईल का? हात जाईल एवढीच."

"कशासाठी काकी?"

"सुईसाठी."

मग त्यांनी सांगितलं. आण्णांना सहा वर्षांपासून संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागायचं. आण्णा वीज मंडळात लाइनमन होते, तीस वर्षं भर पावसात खांबावर चढले. पण सुई दिसली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. शालनकाकींचा हात थरथरायचा. दवाखान्यातल्या नर्सबाईंना आण्णांनी दोनदा दारातून परत लावलं होतं. सुई फक्त विलासरावांच्या हातची चालायची. या आठ महिन्यांतसुद्धा त्यात एक दिवस खाडा नव्हता. विलासराव दुकानातून यायचे, हात धुवायचे, मुकाट्यानं सुई द्यायचे, आण्णा मुकाट्यानं तोंड फिरवायचे.

"आता ते घराला वळसा घालून येतील का रोज? आणि आले तर हे दार उघडतील का?" काकी म्हणाल्या. "खिडकी असली म्हंजे कुणी कुणाकडं गेलं, असं व्हायचं न्हाई. नुसता हात जाईल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तर काम हवं होतं. मी टॅबलेटवर भिंतीत एक फुटभर चौकोन पाडला. दोन मिनिटांनी उज्ज्वलाकाकी आल्या. त्यांना थोरल्या जावेसाठी वाटी जाईल एवढी जागा हवी होती, "आक्कांना माझ्या हातची शेवग्याची आमटी लागती, म्हणून." दुसरा चौकोन पाडला. मी हॉलमध्ये परत आले तर विलासराव भिंतीकडे, म्हणजे पंख्याकडे बघत म्हणाले, "पंखा मधोमध हाय. भिंत घातली तर पातं अडकंल. वर दोन फूट मोकळं सोडा म्हणावं. त्यांना उकाडा सोसत न्हाई." वरची दोन फूट भिंत काढली.

"मॅडम," आण्णा खुर्चीतून म्हणाले, "भिंतीला भोकं कसली पडाय लागली?"

"हवा खेळती राहावी म्हणून आण्णा."

"हवेचं बघू नका. भिंत बघा. पयल्यासारखी करा."

मी भोकं बुजवली.

जानेवारी महिना होता. सहा वाजून गेले, ऊन कौलांवरून उतरलं आणि हॉलमध्ये अंधारायला लागलं. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला तशी शालनकाकींनी मला थांबवलं. देवापुढे समई लागल्याशिवाय त्या घरात विजेचा दिवा लावायचा नाही, असा आण्णांच्या आईचा दंडक होता. जन्मभर लोकांच्या घरात वीज पोचवणारा माणूस स्वतःच्या घरात रोज समईची वाट बघायचा. समई लावण्याचा मान थोरल्या सुनेचा. सव्वीस वर्षं शालनकाकींनीच ती लावली होती.

त्या काडेपेटी घेऊन निघाल्या आणि पाचव्या फरशीशी थबकल्या. देव्हारा पलीकडे होता. भिंतीनं तो धाकट्यांच्या वाटणीत घातला होता.

"या की आक्का," उज्ज्वलाकाकी म्हणाल्या.

"आता तुझ्याकडं गेला तो. तूच लाव."

"मी न्हाई लावायची. तुमचा मान हाय."

"अगं, भिंतीतनं कशी येऊ मी?"

दोघी आपापल्या बाजूला उभ्या राहिल्या. काडेपेटी एकीच्या हातात, तेलाची बुधली दुसरीच्या. समई लागेना, म्हणून दिवा लागेना. हॉल भुरा झाला, मग काळपट झाला. त्यातच विलासराव फ्रिजमधून इन्सुलिन काढून, सुई भरून घेऊन आले आणि तेही फरशीपाशी थांबले. वेळ झाली होती. आण्णा हेडसेट चढवून ताठ बसले होते.

"विचारा, कुठनं येऊ," विलासराव मला म्हणाले.

आण्णांनी हेडसेटचा पट्टा आणखी आवळला.

त्याच वेळी माझ्या टॅबलेटवर सूचना झळकली. उजेड अपुरा आहे. ते यंत्र कॅमेऱ्यानं खोली बघतं आणि त्या हिशेबानं वस्तू जागेवर ठेवतं. खोलीच नीट दिसेना झाली की त्याचा ठावठिकाणा सुटतो. भिंत एकदा थरथरली आणि गेली. टॅबलेटवर राहिलं फक्त आण्णांना दिसणारं भुरकट चित्र: देव्हारा, हातात काडेपेटी घेतलेली बायको, तेलाची बुधली घेतलेली भावजय, आणि बरोबर मधोमध, हातात सुई घेऊन उभा असलेला भाऊ.

होकाराच्या तोंडावर सगळं मुसळ केरात. मोबाइलची बॅटरी लावून भिंत परत आणायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी मोबाइल हातात घेतलासुद्धा.

पण आण्णा तक्रार करेनात. चार बोटांवरून भांडणारा माणूस अख्खी भिंत गेली तरी गप्प होता. टॅबलेटवरचं चित्र जराही हललं नाही. ते विलासरावांच्या तोंडाकडे बघत होते. आठ महिन्यांनी बघत होते, आणि मोठ्या काळ्या चष्म्यामुळे ते कुठे बघतायत हे समोरच्या माणसाला कळत नव्हतं. मी मोबाइल खाली ठेवला.

"मॅडम," आण्णा म्हणाले, "नऊ इंची भिंतीतनं आवाज जातो का?"

"मोठ्यानं बोललं तर जातो."

"तपासून घ्याया पायजे. मागनं तक्रार नको." त्यांनी खाकरून घेतलं. "पत्रिकेचं प्रूफ पयल्यांदा माझ्याकडंच आलं होतं. मोबाइलवर."

विलासरावांनी सुई खाली केली.

"छापखानेवाला म्हणला, आण्णा, नावं तेवढी बघून घ्या. मला त्या मोबाइलवरची अक्षरं दिसत न्हाईत. दिसत न्हाईत म्हणून सांगायची लाज वाटली. मी म्हणलं, झकास हाय, छाप." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "ऐकू गेलं का, इचारा त्याला."

"ऐकू आलं का?" मी विचारलं.

विलासरावांनी मान हलवली. "न्हाई म्हणावं. लई जाड भिंत हाय. परत बोला म्हणावं."

आण्णांनी परत सांगितलं. सगळं, प्रुफापासून झकासपर्यंत, जरा मोठ्या आवाजात. शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं. "चूक माझी होती, आणि उपासबी नव्हता."

अंधारात कुणीतरी हसलं. मला वाटतं शालनकाकी. हसता हसता त्या रडायला लागल्या, आणि त्याचं उज्ज्वलाकाकींनाही निमित्त झालं. विलासरावांनी पाचव्या फरशीवर पाय दिला, सहावीवर दिला, आणि आण्णांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले.

"बाही वर करा," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, थेट आण्णांना.

"भिंतीतनं आलास?"

"व्हय."

"लागलं का कुठं?"

"न्हाई. तुमी हलू नका."

आण्णा हलले नाहीत. एरवी सुईच्या वेळी तोंड फिरवणारा माणूस, पण टॅबलेटवर मला सुई दिसली, दंड दिसला, आणि कापूस दाबून धरणारा अंगठा दिसला. त्यांनी सगळं बघितलं. मग शालनकाकी तीन पावलांत देव्हाऱ्यापाशी गेल्या, समई लागली, आणि उज्ज्वलाकाकींनी बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकून पेटली.

आण्णांनी तोवर हेडसेट काढून मांडीवर ठेवला होता. डोळ्यांभोवती त्याचे वळ उठले होते आणि डोळे लाल होते. ते त्यांनी यंत्रावर ढकललं. "लई घट्ट हाय हे," म्हणाले.

मी बॅगेतून कागद काढला. प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर गिऱ्हाइकाचा अभिप्राय लिहून सही घ्यायची, असा सरांचा नियम होता. दोनच प्रश्न होते. मी पहिला वाचला. "काम सुरू करायचं का?"

आण्णांनी विलासरावांकडे बघितलं. विलासराव सुईला टोपण लावत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"बघितली तेवढी पुरे झाली, असं लिव्ह," आण्णा म्हणाले.

मी लिहिलं. सोमवारपासून आपण खडीच्या ट्रकमागे, हे मला लिहितानाच कळत होतं, आणि तरी हसू दाबताना माझी पुरेवाट झाली होती. दुसरा प्रश्न यंत्राबद्दल होता. "दाखवलेली वस्तू शेवटपर्यंत स्पष्ट दिसली का?"

आण्णांनी माझ्या मांडीवरच्या टॅबलेटकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि नजर काढली नाही.

"दिसली," ते म्हणाले. "सुई टोचली तोवर दिसत होती. गिलाव्यासकट."

"भारी मशीन हाय मग," विलासराव म्हणाले.

मी 'हो'वर खूण केली आणि सहीसाठी कागद आण्णांपुढे धरला.